इंजिनातली निळी चप्पल

ती घटना मी एव्हाना विसरलेही असते, पण माझी नात विसरू देत नाही. परवा तिला जुनी स्कूटी घ्यायची होती. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, कागद बघ, इंजिन नंबर बघ, विकणाऱ्याचं घर बघून ये. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौ आजी. अन् पाण्यात टाकूनही पाहतो."

घरातले सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार? थाना प्रभारी असताना मी होडीचं इंजिन ठाण्याच्या आवारात, कोरड्या जमिनीवर, चांगली पाच मिनिटं चालवून पाहिलं होतं आणि वर "आवाज खणखणीत आहे" असं प्रमाणपत्रही दिलं होतं. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यात हे बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. बाकीच्यांना आता कळेल.

वैनगंगेच्या काठचं ते ठाणं. नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. मी तेव्हा उपनिरीक्षक होते. खांद्यावर दोन तारे, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा आभाळ भरून आलं तरी उतरत नसे. आरशासमोर उभी राहिले की मलाच मला सॅल्यूट ठोकावासा वाटे, अशी एकूण परिस्थिती होती.

पुराच्या दिवसांत उपयोगी पडावी म्हणून जिल्ह्यातून आमच्या ठाण्याला एक होडी आली. इंजिन आलं नाही. सरकारी कामात असं होतं. दिवा येतो, वात पुढच्या वर्षी येते. पावसाळा तोंडावर होता. गावातल्या व्यापाऱ्यांनी जनसहयोगातून जुनं इंजिन घेऊन द्यायची तयारी दाखवली. जुन्या पंपांचा धंदा करणारा एक माणूस शनिवारी पिकअपमध्ये इंजिन घालून हजर झाला. पांढरा शर्ट, मधाळ जीभ. म्हणाला, गोंदियाकडच्या एका धरणावरच्या ठेकेदाराचं आहे, काम संपलं म्हणून विकलं.

आमचे मुन्शीजी, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदींचा रोजनामचा आणि जप्तीचा मालखाना सांभाळणारे जुने हवालदार, हळूच म्हणाले, "मॅडम, कोण्या जानकाराले दाखवून घेऊ का?"

मी चष्मा सरळ केला. मी धानाच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे जुना डिझेल पंप घ्यायचा तर एकच रीत: अंगणात ठेवायचा, दोरी ओढायची, धूर पाहायचा, आवाज ऐकायचा. माझ्या वडिलांनी असे तीन पंप पारखून घेतलेले मी लहानपणी पाहिले होते. त्या भांडवलावर मी होडीचं इंजिन लाकडी घोडीवर चढवायला लावलं आणि दोरी ओढायला सांगितली.

इंजिन भुर्रकन सुरू झालं. विकणारा दोन मिनिटांनी म्हणाला, "बस करा मॅडम, एवढं पुरे." मला वाटलं, हा काहीतरी लपवतो आहे. म्हणून मी आणखी तीन मिनिटं चालवलं. रबर जळाल्यासारखा वास आला. तो धुराचाच असेल असं मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. प्रभारीच्या नाकावर कोण शंका घेणार? नंबरपट्टीच्या जागी दोन रिकामी भोकं होती. पट्टी पाण्यात गळून पडली, असं विकणारा म्हणाला. बिल नंतर पाठवतो म्हणाला. हो म्हणणारी मी तीच बाई, जी दर बाजाराच्या दिवशी कर्ण्यावरून लोकांना बजावत असे की बिलाशिवाय जुनी मोटरसायकल घेऊ नका.

इंजिन ताडपत्रीखाली गेलं. सोमवारी सकाळी ठाण्यात एक बाई आली.

पंचेचाळिशीची असेल. हाताची बोटं वल्हं मारून जाड झालेली. चार मैल वरच्या एका घाटावर तिचा डोंगा चालत असे. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून डोंगा तीच हाकत होती. पलीकडच्या काठावर बाजार, दवाखाना, बस. पूल फार लांब. तिच्या डोंग्याचं इंजिन गुरुवारी काठावरून चोरीला गेलं होतं.

मी बिल मागितलं. नव्हतं. नंबर विचारला. माहीत नव्हता. इंजिनाची काही खूण? तिने पिशवीतून एक निळी, जुनी, पुरुषाची रबरी चप्पल काढली आणि माझ्या टेबलाच्या कडेला धरली. टाचेच्या जागी रुपयाएवढं गोल भोक होतं.

"याचा तुकडा आत आहे जी. पाणी गळून राह्यलं होतं त मालकानं अर्ध्या नदीतच पायातली चप्पल काढली, चकती कापली अन् बसवली. इंजन खोलसान त निघन."

मुन्शीजींनी तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही. मी हसले. चांगली दात दाखवून हसले. म्हटलं, बाई, लोक इंजिनाची ओळख नंबराने देतात, तुम्ही चपलेने देता. बिल शोधून आणा, मग लिहू.

ती लगेच गेली नाही. चप्पल हातात धरून उभी राहिली. येत्या सोमवारी पंचायत घाट वर्षभरासाठी द्यायची होती, असं तिने सांगितलं. रिवाज असा की ज्याला घाट हवा त्याने पंचांना इंजिनावर पलीकडे नेऊन परत आणून दाखवायचं. पाणी वाढलं की वल्ह्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. इंजिन नाही तर घाट नाही. आणि घाट गेला तर तिला नागपूरकडे विटाभट्टीवर जाणं भाग होतं. हे सगळं तिने रडगाणं न गाता सांगितलं, जसं कोणी उद्या बस किती वाजता आहे ते सांगतं.

मी तिचा अर्ज घेतला आणि काचेच्या गोळ्याखाली ठेवला. ती बाहेर पडली. जाताना ती त्या ताडपत्रीपासून दहा पावलांवरून गेली. हे मला आज लिहितानाही टोचतं.

बुधवारी होडीची चाचणी. मोठे साहेब, म्हणजे आमच्या उपविभागाचे पोलीस अधिकारी, मुद्दाम आले होते. मी पुढच्या फळीवर, चष्मा लावून, युद्धावर निघाल्यासारखी उभी. इंजिन सुरू झालं, होडी झपाट्याने निघाली, काठावर टाळ्या पडल्या. पाव नदी ओलांडली असेल नसेल, इंजिनातून पांढरी वाफ निघाली, एकदा ओरडल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत. आम्ही प्रवाहाबरोबर खाली निघालो. काठावरचे लोकही आमच्याबरोबर चालू लागले, वरातीसारखे. शेवटी दोन कोळ्यांनी बांबू लावून आम्हाला काठाला आणलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चष्मा सलामत आहे ना?"

गुरुवारी तुमसरहून बसने एक म्हातारा मिस्त्री आला. धरणावरच्या कोळ्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. इंजिनाचा पाण्यात बुडणारा पाय त्याने खोलला. आत रबराचा एक छोटा पंखा असतो. तो नदीचं पाणी ओढून इंजिन गार ठेवतो. त्या पंख्याच्या जागी काळा चुरा होता.

मिस्त्रीने वर पाहिलं. "कोरडं कोणं चालवलं हे?"

आवारात सहा पोलीस उभे होते. सहाही जण आभाळाकडे पाहू लागले.

"हे नदीचं जनावर आहे," तो मलाच समजावू लागला, कारण मीच काय ती खाली पाहत होते. "पाणी नाही भेटलं त एका मिन्टात याचा गळा जळते. ज्यानं चालवलं त्याले पंप अन् होडी यातला फरक नाही समजत."

मी म्हटलं, खरं आहे, नाहीच समजत.

मग त्याने पंख्याचा डबा उचलला. त्याखाली एक चकती चिकटलेली होती. दबून पातळ झालेली, एका कडेने करपलेली. पुसली तर निळी. मिस्त्री कौतुकाने म्हणाला, "अरे, कोण्या कारागिरानं चप्पल लावली वाटते."

 आवाज खणखणीत असलेलं, मी पारखून घेतलेलं इंजिन चोरीचं होतं. ज्या बाईला मी हसून घालवलं होतं, तिचं होतं. आणि मी ते कोरडं चालवलं नसतं, तर ते कधी उघडलंही गेलं नसतं.

मुन्शीजी मला बाजूला घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, त्याला ठाण्याची अब्रू प्यारी होती. म्हणाले, "मॅडम, मिस्त्रीले मी पाहून घेतो. नवी चकती टाकू. त्या बाईपाशी बिल नाही, नंबर नाही. कोण पुसते?"

खोटं सांगणार नाही, अर्धा कप चहा होईपर्यंत मी विचार केला. नोकरीत बाई म्हणून माझ्या चुका मोजायला बरेच जण बसलेले होते, त्यांना मी आयताच खाऊ देणार होते. मग मला ती बाई ताडपत्रीजवळून चालत गेलेली डोळ्यांसमोर दिसली.

"मुन्शीजी, रोजनामचा आणा."

मी स्वतःच्या हाताने लिहिलं: अमुक वाराला प्रभारीने बिल न घेता इंजिन खरेदी केले, अमुक वाराला फिर्यादी आली असता प्रभारीने गुन्हा नोंदवला नाही, आज इंजिनात फिर्यादीने सांगितलेली खूण आढळली. लिहून झाल्यावर साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"लिहून टाकलं?"

"हो सर."

"मग आता विचारता कशाला? चोर पकडा."

बाईला गाडी पाठवून बोलावलं. पंचनाम्यासाठी गावातले दोन पंच बसवले. चप्पल टेबलावर ठेवली, चकती भोकात बसवली. कापताना तिच्या नवऱ्याचा चाकू घसरला होता. चकतीला एका बाजूला बारीक शेपटी होती आणि चपलेच्या भोकाला त्याच बाजूला खाच. शेपटी खाचेत जाऊन बसली. पंचांपैकी एकाने आपोआप हात जोडले.  बाईने एका बोटाने चकती दाबून सारखी केली, जशी ती नेहमीच तिथे असायला हवी होती. गुन्हा नोंदवला. इंजिन जप्त केलं, माझ्याच आवारातून, माझ्याच ताब्यातून. चपलेला आणि चकतीला लाख लावून सील केलं.

आता सोमवारपर्यंत तीन दिवस होते आणि मी ठरवलं होतं की त्या दिवशी हे इंजिन तिच्या डोंग्याला असेल.

ठाण्यासमोर चहाची टपरी होती. वर्षभर तिथला चहा प्यायले, पण चहावाल्याला हिशेबात कधी धरलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो रिकामे कप न्यायला आला आणि उभाच राहिला. म्हणाला, शनिवारी तो पिकअपवाला आधी माझ्याकडे थांबला होता. त्याच्यासोबत घाटावरच्या गावचा एक ठेकेदार होता. तो टपरीवरच उतरून बसला, ठाण्यात मला ओळखतात म्हणाला. पिकअप एकटीच आत गेली.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"तुमी इचारलंच नाही जी."

पोलिसांच्या खबऱ्यांबद्दल लोक फार रंगवून बोलतात. माझा अनुभव असा की अर्ध्या खबरा ठाण्याच्या दारातच उभ्या असतात, कप गोळा करत.

ठेकेदाराला घाट हवा होता हे लगेच कळलं. पण चहावाल्याच्या सांगण्यावरून कोणी कबूल होत नसतं. विकणाऱ्याचं तोंड उघडायला हवं होतं. मी त्याला फोन करून सांगितलं की इंजिन झकास आहे, लांजीकडच्या ठाण्यालाही एक हवं आहे. पोलिसाला खोटं बोलायची थोडी मुभा असते. मी महिन्याचा कोटा एका फोनवर संपवला. शुक्रवारी तो पेढ्यांचा पुडा घेऊन हजर.

त्याला खुर्ची दिली, चहा दिला. आवाज चढवला नाही. कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, भाऊ, मागच्या इंजिनाचं बिल राहिलं, वरून विचारणा आली आहे, तेवढं लिहून द्या. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, फोन.

त्याने एक नाव ऐटीत लिहिलं. बापाच्या नावाला जरा थांबला. गाव लिहून खोडलं, दुसरं लिहिलं. मी मुन्शीजींना म्हटलं, फोन नंबर मिळाला की आत्ताच लावून पाहा. पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.  चौकशीत गप्प बसणं सगळ्यांत कठीण असतं, आणि माझ्यासारख्या बडबडीला तर ती शिक्षाच. पण त्या दिवशी बसले. खोटं एका रकान्यापुरतं सगळ्यांनाच येतं, चार रकाने भरायचे म्हटले की घाम फुटतो. जे बिल मी शनिवारी मागायला हवं होतं, ते शुक्रवारी मागितलं, तरी त्याने आपलं काम केलं.

मग मालखान्यातून सीलबंद पाकीट आणून टेबलावर ठेवलं. पारदर्शक पिशवीतून निळी चप्पल दिसत होती. इंजिनांत आयुष्य गेलेला माणूस, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"खोललं तुमी इंजन?"

"खोलावं लागलं. मी कोरडं चालवलं होतं."

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "मी म्हनत होतो नं, बस करा."

सगळं सांगून टाकलं त्याने. ठेकेदाराने गुरुवारी इंजिन आणून दिलं, पट्टी आधीच काढलेली. अट एकच, नदीवर कोणाला विकायचं नाही. शेवटी मी विचारलं, सगळं सोडून पोलीस ठाण्यालाच कसं विकलंत?

तो खरंच प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, चोरीचा माल लोक साऱ्या दुनियेत ढुंडतात. ठाण्यात कोन ढुंडते?"

मुन्शीजींना खोकला आला. 

ठेकेदाराला त्याच दुपारी आणला. आधी घाट कुठे आहे तेच माहीत नव्हतं त्याला. विकणाऱ्याला समोर बसवल्यावर घाट आठवला, इंजिन आठवलं आणि मग राग आला. म्हणाला, "बाईमानसाले घाट काहून पाह्यजे?" हे आपण कोणासमोर बोललो हे त्याच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. तो क्षण मी मनसोक्त उपभोगला. वयाचा मान ठेवून एवढीच कबुली देते.

शनिवारी मी स्वतः न्यायालयात गेले. जप्त माल मालकाच्या ताब्यात द्यायचा तर सुपुर्दनाम्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागतो, आणि ते काम एरवी महिनाभर रेंगाळतं. न्यायाधीशांनी पंचनामा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"जप्तीचं ठिकाण, ठाण्याचं आवार. जप्ती कोणाच्या ताब्यातून, तर थाना प्रभारी. हे बरोबर लिहिलं आहे?"

"बरोबर आहे सर. माझ्याच ताब्यातून."

त्यांनी सोमवारची अडचण ऐकून घेतली आणि सही केली. मला पुढे कारण दाखवा नोटीस आली, सेवापुस्तकात निंदेची नोंद झाली. ती नोंद मी निवृत्तीपर्यंत बाळगली, आणि मला तिची लाज वाटली नाही.

रविवारी मिस्त्री नवा पंखा घेऊन आला. पण चकती सील होऊन मालखान्यात होती आणि त्याशिवाय पाणी गळणार. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे पाहिलं. रविवार म्हणून मी घरच्या चपलेवर आले होते. मी एका पायातली काढून दिली. आवारात उन्हाने तापलेल्या फरशीवर मी एका पायावर उभी आणि शिपाई पुन्हा आभाळाकडे पाहत होते. बाईने स्वतः चाकू धरला. चकती नवऱ्यापेक्षा सफाईदार कापली.

सोमवारी सकाळी घाटावर पंच आले. मी काठावर उभी होते, चष्मा खिशात. मिस्त्रीने मला एक गोष्ट शिकवली होती: इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार आहे म्हणजे जनावर पाणी पितं आहे. बाईने दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. मी पंचांकडे पाहिलंच नाही. मी त्या धारेची वाट पाहत होते, आणि ती आली. करंगळीएवढी, सारखी. डोंगा पलीकडे टेकला, वळला, परत आला. घाट तिला मिळाला.

त्यानंतर बदल्या झाल्या, मोठे गुन्हे पाहिले, वर्तमानपत्रात फोटो आले. पण फिर्याद घेताना एक सवय या प्रकरणाने लावली. माणूस समोर उभा राहिला की कागद मागण्याआधी मी त्याच्या हाताकडे पाहते. ज्याच्याकडे कागद नसतो तो रिकाम्या हाताने ठाण्यात येत नाही. काही ना काही घेऊन आलेला असतो, आणि बहुतेकदा तेच त्याच्याजवळचं सगळं असतं. आपण पाहायचं असतं, हसायचं नसतं.

पंच गेल्यावर बाई म्हणाली, चला, एक फेरी मारून आणते. मी डोंग्यात बसले. मधल्या पाण्यात तिने इंजिन हळू केलं. मला वाटलं, आता माफी मागायची हीच वेळ. मी सुरुवात केली की त्या दिवशी मी हसायला नको होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग धारेकडे एकदा पाहून ती म्हणाली,

"तुमी हासून राह्यल्या होत्या नं बाई, तवा चप्पल माह्या हातातच होती. मंग म्हटलं, राहू दे. सबूत आहे, खराब होईन."